दरोडेखोरांच्या अंगावर डेड्रिक (गेममधलं लाखमोलाचं) चिलखत?

व्हिडिओ गेमवरच्या लेखात म्हटलंय की शत्रूंची लेव्हल (ताकदीची पायरी) खेळाडूबरोबर वाढली की नकाशावर कुठंही बिनधास्त फिरता येतं. पटलं, पण अर्धंच. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन' गेममध्ये हेच होतं, आणि पुढं पुढं रस्त्यावरचे भुरटे लाखमोलाची चिलखतं घालून १०० नाण्यांसाठी वाट अडवायचे! त्यात बोलण्याची, व्यापाराची कौशल्यं मुख्य म्हणून निवडली तर त्यांनीच लेव्हल चढायची, शत्रू तगडे व्हायचे, आपली तलवार मात्र बोथटच. मग लोक गेममध्ये झोपायचंच टाळायचे, कारण झोपल्याशिवाय लेव्हल वाढत नव्हती. आमच्या कोल्हापुरात तालमीत एकानं जोर-बैठका मारल्या म्हणून अख्ख्या पेठेतली पोरं पैलवान होत नाहीत की राव!

'स्कायरिम' गेमनं (२०११) बऱ्याच जागांवरच्या शत्रूंना किमान लेव्हल ठेवून जरा सावरलं. माझं मत मात्र 'न्यू व्हेगस' गेमला. सुरुवातीलाच गुडस्प्रिंग्ज या पहिल्या गावाहून उत्तरेला गेलात तर कॅझाडोर (विषारी राक्षसी गांधीलमाश्या) नाहीतर डेथक्लॉ (मोठ्या नखांचे राक्षस) फाडून खातात, मुकाट दक्षिणेचा लांबचा रस्ता धरायचा. नंतर तयारीनं तिथंच जाऊन त्यांना लोळवायचं, नाद खुळा!

आणि 'विचर ३' गेममध्ये शत्रूंची लेव्हल आपल्याबरोबर वाढण्याचा हा प्रकार सेटिंगमधून चालू-बंद करता येतो, ते लेखात यायला हवं होतं.