९९ टक्क्यांचा कॅमेरा आणि उद्यमबागचं टाळं

महिनाभर एक मेसेज बेळगावच्या कारखानदारांच्या, सेटर (मशीन लावून देणाऱ्या) लोकांच्या आणि आयटीआयच्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. मला तो सात जणांनी पाठवला, त्यातल्या एकाने दोनदा. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एआय कॅमेरा आता ९९ टक्के अचूक झाला आहे, तो लावला की खराब माल गेटबाहेर पडणारच नाही. माणसाला दिसत नाही ते सगळं त्याला दिसतं. एकदा बसवला की परत बघायला नको. तपासणीचा स्टाफ घरी पाठवता येतो. आणि ज्या लहान कारखान्यांना हे परवडत नाही त्यांनी आत्ताच टाळं लावावं, कारण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडलं तसा सगळा उद्योगच आता बेळगाव सोडणार.

मी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, बावीस वर्षं क्वालिटीत आहे. बिडाचं (ओतीव लोखंडाचं) ओतकाम आणि त्यावरचं मशीनिंग, दोन्ही आमच्याकडे होतं. फायनल तपासणीला आमच्याकडे कॅमेराही आहे आणि तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. वस्तू चांगली आहे, खरं (परगावच्यांनी आमच्या या 'खरं'चा अर्थ 'पण' असा घ्यावा) मेसेजमधलं एकही वाक्य जसंच्या तसं गिळण्यासारखं नाही.

किर्लोस्करांचं आधी उरकून टाकतो, कारण लोक तिथेच हळवे होतात. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे कारखाना काढला, आणि १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर (आजच्या किर्लोस्करवाडीला) गेले, हे खरं आहे. खरं गेले ते यंत्रात मागे पडले म्हणून नाही. नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी त्यांची जागा हवी होती आणि औंधच्या राजांनी माळरान देऊ केलं. जागेचं दुखणं कॅमेऱ्याच्या गळ्यात बांधू नये.

आता ९९ टक्के. कशाचे ९९? समजा, आपल्याकडे शंभरात एक जॉब (म्हणजे कारखान्यात तयार होणारा सुटा भाग) खराब निघतो. मग डोळे मिटून प्रत्येक जॉबवर ओकेचा शिक्का मारणारा माणूससुद्धा ९९ टक्के अचूक ठरतो! त्याने एकही खराब जॉब पकडला नाही, तरी त्याचा आकडा मेसेजमधल्या कॅमेऱ्याइतकाच.

बरं, कॅमेरा इतका वाईट नाही असं धरू. चांगल्याला चांगला आणि खराबाला खराब, दोन्ही तो शंभरात ९९ वेळा बरोबर म्हणतो. महिन्याला १०,००० जॉब, त्यात खराब १००. यातले ९९ तो पकडतो, एक सुटतो. उरलेले ९,९०० चांगले, त्यातले ९९ तो विनाकारण बाजूला काढतो. म्हणजे लाल पेटीत १९८ जॉब पडले आणि त्यातले निम्मे चांगले आहेत. ती पेटी कुणी भंगारात ओतणार नाही. कुणीतरी टेबलाशी बसून एकेक उचलून बघणार, आणि तो माणूस मेसेजप्रमाणे तर घरी गेलेला आहे. शिवाय सुटलेला तो एक जॉब ग्राहकाच्या लाइनवर सापडला की अख्खा लॉट आपल्या खर्चाने परत निवडावा लागतो, हे ज्याने पुण्याला जाऊन दोन दिवस निवडलंय त्यालाच कळतं. मी निवडलंय.

म्हणून विकणाऱ्याला दोन आकडे वेगवेगळे विचारावेत: खराब किती सुटतात आणि चांगले किती अडकतात. एक कमी करायला गेलं की दुसरा वाढतो. कडक लावला तर पेटी भरते, सैल सोडला तर ग्राहकाचा फोन येतो. दोन्ही एका आकड्यात बसवून सांगणारा माणूस काहीतरी झाकतोय.

'कॅमेऱ्याला सगळं दिसतं.' याचा साधा हिशेब करता येतो. ५ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात आडवे २,४४८ पिक्सेल असतात. व्हॉल्व्ह बॉडीचा २४५ मिलिमीटरचा चेहरा एका फोटोत घेतला तर एक पिक्सेल म्हणजे ०.१ मिलिमीटर. दोष ओळखायला तो निदान तीन-चार पिक्सेल तरी भरायला हवा, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या खालचं टाचणीएवढं भोक त्याच्या हिशेबी नाहीच. त्यात जॉब हलत असेल तर आणखी गंमत. पट्टा सेकंदाला ५०० मिलिमीटर पळत असेल आणि शटर एक हजारांश सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात जॉब अर्धा मिलिमीटर पुढे गेलेला असतो. फोटो पुसटणार. म्हणून झगझगीत फ्लॅश लागतो, आणि मशीन केलेल्या चकचकीत पृष्ठावर तो फ्लॅश असा परावर्तित होतो की मधला भाग नुसता पांढरा. कॅमेरा घेणाऱ्याचे निम्मे कष्ट प्रत्यक्षात दिवा कुठल्या कोनातून मारायचा यातच जातात.

केसासारखा तडा असेल तर तोही नुसत्या फोटोत येत नाही. त्यासाठी जॉब चुंबकित करून चमकणारी लोहभुकटी सोडतात. तड्यापाशी चुंबकरेषा बाहेर फुटतात, भुकटी तिथे गोळा होते आणि अतिनील दिव्याखाली हिरवी रेघ उमटते. त्या रेघेवर कॅमेरा लावा, मी टाळ्या वाजवीन. आतल्या पोकळीला मात्र एक्स-रे नाहीतर अल्ट्रासॉनिक, दुसरा मार्ग नाही.

आणि काही दोष तर दिसण्याच्या जातीचेच नसतात. एसजी आयर्न या चिवट जातीच्या बिडात मॅग्नेशियम टाकून ग्रॅफाइटचे गोळे करतात. टाकल्यावर साधारण दहा मिनिटांच्या आत ओतलं नाही तर मॅग्नेशियम उडून जातं आणि मालाची ताकद पडते. असा जॉब आणि चांगला जॉब शेजारी ठेवले तर रंग एक, आकार एक, वजनही एक. आमचे तपासणीतले मामा जॉब दोरीला टांगतात आणि छोट्या हातोडीने टोला देतात. चांगला एसजी घुमतो, बिघडलेला 'भद्द' वाजतो. एकदा नवीन इंजिनिअर हसला, तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, तुमचा कॅमेरा बहिरा हाय की वो." हातोडीचं हेच काम अल्ट्रासॉनिकचं यंत्र आकड्यात करतं. चांगल्या एसजीत ध्वनी सेकंदाला साडेपाच हजार मीटरच्या वर धावतो, साध्या बिडात बराच सावकाश. सेन्सर हवाच, पण तो कानाचा.

'एकदा बसवला की बघायला नको.' गेल्या पावसाळ्यात आमच्या कॅमेऱ्याने अचानक ब्लोहोल (वायूच्या फुग्याने पडलेली भोकं) पकडायला सुरुवात केली. सकाळच्या पाळीत लाल पेटी दोनदा भरली. सुपरवायझर भट्टीवाल्याच्या अंगावर धावला, भट्टीवाला वाळूवाल्याच्या. शेवटी मामांनी एक जॉब धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत कॅमेऱ्याखाली धरला. ओके. स्टोअरने गंज न लागण्याचं तेल बदललं होतं. नवं तेल जाड होतं, त्याचे थेंब गोल बसत होते, आणि मधे काळा नि कडेला उजळ असा थेंब कॅमेऱ्याच्या शिकवणीप्रमाणे ब्लोहोलच होता. त्याला तेल कुणी शिकवलंच नव्हतं. गणपतीत खानापूर-चंदगडकडची माणसं गावी गेली की बदलीचा हेल्पर जॉब उलट्या बाजूने फिक्श्चरमध्ये (जॉब धरणाऱ्या चौकटीत) ठेवतो, तेव्हाही हेच. काच पुसणं, दिवा मंदावला का बघणं, ठरलेले मास्टर जॉब (ज्यांचा निकाल आधीच माहीत आहे ते) दर पाळीला फिरवणं, हे सगळं 'बघणं'च आहे.

मेसेजखाली कुणीतरी 'मायक्रॉनमध्ये मोजतो' अशी पुरवणी जोडली आहे. मोजेल की. खरं मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश असतं, आणि बीड दर अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं. मशीनवरून ३५ अंशाला उतरलेला २०० मिलिमीटरचा बोअर ३३ मायक्रॉन मोठा दिसणार. त्या मापाला एच७ ची (मापात किती फरक चालेल याच्या एका ठरलेल्या दर्जाची) पूर्ण सूट आहे ४६ मायक्रॉनची. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये कॅमेरा नेमकं काय मोजतोय, जॉब की ऊन?

मेसेजमध्ये न लिहिलेला एक दावा मात्र मला सगळ्यात खटकतो: तपासणी पक्की झाली की माल चांगला झाला. कॅमेऱ्याला जॉब दिसतो तेव्हा ओतून, फेटलिंग करून (कडेचं जादा बीड काढून), मशीनवर चढवून सगळा खर्च झालेला असतो. जुलैमध्ये आमच्या एका कव्हरला मशीनिंगनंतर खरे ब्लोहोल निघू लागले. कॅमेऱ्याने ते चोख मोजले, तासागणिक सुंदर आलेख काढला. आलेखात दुपारी दोननंतर चढ दिसत होता, कारण मात्र दिसत नव्हतं. आम्ही मुलरपाशी, म्हणजे साच्याची वाळू मळणाऱ्या यंत्रापाशी, गेलो. वाळू ओली करणारा दादा मूठ वळून बघतो, मूठ उघडल्यावर ढेकूळ मोडलं नाही की पाणी बंद. पिढीजात रीत, आणि वाईट नाही. वाळूत पाणी तीन-चार टक्के लागतं, ते त्याचा हात बरोबर ओळखतो. हाताला जे नीट कळत नव्हतं ते म्हणजे उष्णता. दुपारी ऑर्डरच्या घाईत साचे भराभर फोडले जात होते, वाळू थंड व्हायच्या आत परत मुलरमध्ये येत होती. गरम वाळूतलं पाणी वाफ होऊन साच्यातल्या थंड कोअरवर (जॉबची आतली पोकळी घडवणाऱ्या गाभ्यावर) जमत होतं, आणि त्यावर वितळलेला रस ओतला की फुगे. मुलरच्या तोंडाशी एक तापमानाचा सेन्सर टांगला, ५० अंशांच्या वर लाल दिवा लागेल असं केलं. इलेक्ट्रिशियन तार जोडताना "नोडोण री" म्हणाला, म्हणजे बघू या. आठवडाभरात चढ सपाट झाला. कॅमेरा तोच होता, आता त्याला पकडायला कमी सापडत होतं.

तशी ही नवी विद्याही नाही. भट्टीवर रसाचा चमचा टेल्युरियम लावलेल्या छोट्या कपात ओतून कार्बन इक्विव्हॅलंट (रसातल्या कार्बन-सिलिकॉनचा एकत्रित हिशेब) बघणं इथल्या फाउंड्रीत रोजचं आहे. कपातलं थर्मोकपल रस कितव्या अंशाला गोठू लागतो ते सांगतं, आणि साचा भरण्याआधी रस दुरुस्त करता येतो. प्रक्रियेवर सेन्सर म्हणजे हेच.

स्टाफ घरी पाठवण्याबद्दल खोटं बोलणार नाही. आटे आहेत का, भोक पडलंय का, हे दिवसभर बघत बसण्याचं काम जाईल आणि जावंही. आठव्या तासाला माणसाला काही दिसत नाही, मलाही नाही. खरं लाल पेटी निवडणारा, कॅमेऱ्याला नवा दोष दाखवणारा, मास्टर जॉब सांभाळणारा लागेलच, आणि त्याला दोष ओळखता यायला हवा. मामांच्या जागी नुसता लॅपटॉप येणारा पोरगा चालणार नाही.

आणि टाळं? हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे भाग होतात, त्यांची गरज वेगळी. चार मशीनच्या शेडला आधी प्रॉक्सी घ्या. जॉब नीट बसला नाही तर मशीनची सायकलच सुरू न होऊ देणारा तो छोटा सेन्सर काहीशे रुपयांपासून मिळतो. स्पिंडलच्या वायरवर सीटी (करंट मोजणारं कडं) घाला, ड्रिल मोडलं की करंट लगेच बदलतो. ब्लोअरच्या मोटरला नऊ गोळ्यांचं ६२०५ बेअरिंग असेल आणि ती मिनिटाला १,४४० फेरे फिरत असेल, तर बाहेरच्या कड्याला खड्डा पडल्यावर सेकंदाला सुमारे ८६ ठोके येतात. कंपनाचा सेन्सर ते ठोके मोटर जाम होण्याच्या कितीतरी आधी ऐकतो.

एवढं करून कॅमेरा घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याच्या व्हिडिओवर घेऊ नका. आपले पन्नास जॉब काढा, आपल्याच तेलातले, चांगले-वाईट मिसळलेले, खाली नंबर टाकलेले. तीनदा फिरवा, दर वेळी क्रम बदलून. आमच्याकडे एकजण यासाठी तयार झाला. ४६ जॉबांवर कॅमेऱ्याने तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं, चारांवर तो डळमळला. मी खूश होऊन ते चार मामांपुढे ठेवले. मामांनी दोन पास केले. मी त्यातला एक नापास केला होता आणि त्यांनी टाकलेल्यांपैकी एक पास. कितपत खड्डा चालेल हे ग्राहकाच्या ड्रॉइंगवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, बावीस वर्षं आम्ही दोघं आपापल्या अंदाजाने शिक्का मारत होतो. ते चार जॉब आता पिवळा रंग लावून टेबलावर ठेवलेत, आणि ग्राहकाला ईमेल गेली आहे.