चौदा पायांची गोम

विहिरीत पाणी असेल आणि टाकी भरलेली नसेल तरच मोटर सुरू व्हावी, एवढीच माझी अपेक्षा होती. शेतीची लाइन अपरात्री आली की बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत जाण्याचा मला पन्नाशीनंतर कंटाळा आला होता. पॉलिटेक्निकला शिकणारी पुतणी म्हणाली, "काकाजी, हे तर साधं अँड गेट आहे; दोन्हीकडून 'होय' आलं तरच ते 'होय' म्हणतं." त्या 'साधं'ने माझा अख्खा मे महिना खाल्ला.

जॉर्ज बूलने १८५४ मध्ये होय-नाहीचे बीजगणित मांडले आणि क्लॉड शॅननने १९३७ च्या प्रबंधात ते स्विचांना लावून दाखवले. दोघांपैकी एकालाही वऱ्हाडात उधारी वसूल करावी लागली नव्हती, हे उघड आहे. आमच्याकडे होय आणि नाही यांच्या मधोमध 'पाहू ना बावा' हे तिसरे उत्तर असते. माझे गेट ज्या चिपमध्ये येणार होते त्या आयसीचेही तसेच असते, असे पुतणीने सांगितले तेव्हा मला त्या वस्तूविषयी प्रथमच आपुलकी वाटली: ०.८ व्होल्टपर्यंत ती 'नाही' समजते, २ व्होल्टच्या वर 'होय', आणि मधल्या पट्ट्यात काय समजेल याची हमी कोणी देत नाही.

अमरावतीहून आणलेली ७४०८ नंबरची अँड गेटची आयसी पाहून आईने विचारले, "बापू, हे गोम कायले घरात आनली?" तिला चौदा पाय आहेत खरे. सातव्याला ग्राउंड आणि चौदाव्याला ५ व्होल्ट द्यायचे असतात. डोक्यावरची खाच न पाहता मी ती उलटी खोचली आणि बोट भाजल्यावरच माझी चूक माझ्या ध्यानात आली.

दुसऱ्या आयसीवर एलईडी लागला. विहिरीत पाणी नाही असे समजून मी तिकडची तार उपटली, तरी दिवा जळतच राहिला. पुतणी म्हणाली, "काकाजी, सुटी तार म्हणजे शून्य नव्हे. ही आयसी तिला एक समजते." मौनाला होकार समजण्याची ही रीत मी सोयरिकीच्या बैठकांत पुष्कळ पाहिली होती, पण इथे उंदराने तार कुरतडली असती, तर कोरड्या विहिरीवर मोटर फिरून जळाली असती. खरी गोम ती होती. अखेर ३३० ओहमच्या रेझिस्टरने ते टोक ग्राउंडला बांधले, तेव्हा कुठे तार उपटताच दिवा विझला.

आता मोटरसाठी फक्त रिले, म्हणजे एवढ्याशा विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच, हवा आहे. अमरावतीला जाणाऱ्या शेजाऱ्याला तो आणायला सांगितला आहे. तो म्हणाला, "पाहू ना बावा."