काका, जोकोविच म्हातारा नाही हे मान्य, पण...

काका, नमस्कार. तुम्ही फोंड्याचे, आणि बोर्ग-मॅकेन्रोची १९८० ची विम्बल्डन फायनल रेडिओवर ऐकली म्हणता, म्हणून थेट काका म्हणते, चालेल ना? प्रतिक्रिया दुपारीच वाचली होती पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण खरं सांगायचं तर राग आला होता, आणि साडेसहाला बायकांची फायनल लागणार होती. आता रात्रीचे साडेदहा झालेत, बाहेर पाऊस नुसता ओततोय, लायट दोनदा जाऊन आली, राग उतरलाय, तर बसून लिहिते. लांबेल, आधीच सांगते.

ज्यांनी काकांची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काल सेमीफायनल संपल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर मी लिहिलं होतं की उद्याची २०२३ ची विम्बल्डन फायनल अल्काराझ जिंकेल, जोकोविच आता म्हातारा झालाय, आणि २००८ ला नदालने फेडररला हरवलं तसंच हे होणार. त्यावर काका म्हणतात, ताई, हा अभ्यास नाही, हे लाड आहेत. नदाल त्याच्या आधी २००६ आणि २००७ अशा दोन फायनल हरून मग जिंकला होता, तुमचा पोरगा विम्बल्डनच्या फायनलला पहिल्यांदाच येतोय. महिन्याभरापूर्वी पॅरिसला, फ्रेंच ओपनच्या सेमीत जोकोविचविरुद्ध, त्याचे पाय आखडले ते सोयीस्कर विसरलात. जोकोविच तीन सेटमध्ये संपवेल. आणि शेवटचं वाक्य, गोव्यात बसून ग्रासकोर्टवर ज्ञान पाजळू नका, आपल्याकडे गवत दिसलं की लोक फुटबॉल घेऊन पळतात.

शेवटच्या वाक्याला मी खरंच हसले. बरोबर आहे तुमचं. आपल्याकडे धेंपो, साळगावकर, चर्चिल ही फुटबॉल क्लबांची नावं शेंबड्या पोराला पाठ असतात आणि टेनिस म्हटलं की मिरामारच्या गास्पार दियाश क्लबच्या पलीकडे कोणाला फारसं आठवत नाही. फार तर कोणीतरी म्हणेल की लिअँडर पेस मूळचा आपलाच. मी स्वतः सिमेंटच्या कोर्टवर शिकले, तेही पावसाचे चार महिने सोडून. गवतावर आयुष्यात एक बॉल मारलेला नाही. पण काका, तुम्ही तरी कुठे मारलाय? दोघं टीव्हीवालेच आहोत, भांडू की निवांत.

आधी माझ्या चुका. "म्हातारा झालाय" हे वाक्य झोपेत लिहिलं होतं, मागे घेते. छत्तीस वर्षांचा माणूस ह्या वर्षी ऑस्ट्रेलिया जिंकतो, पॅरिस जिंकून २३ वी ग्रँड स्लॅम (चार मोठ्या स्पर्धांपैकी एक) घेतो, आणि विम्बल्डनला सलग ३४ मॅचेस हरलेला नाही, त्याला म्हातारा म्हणणं म्हणजे आपलीच शोभा. सेंटर कोर्टवर तर तो शेवटचा हरला २०१३ च्या फायनलमध्ये, मरेकडून. मधे २०१६ ला क्वेरीकडून हरला आणि २०१७ ला बर्डिचविरुद्ध मॅच अर्धी सोडली, पण ती दोन्ही कोर्ट नंबर एकवर. म्हणजे त्या एका मैदानावर दहा वर्षं. हे मी लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, चूक.

२००८ चं उदाहरणही चुकलंच. तुमचा मुद्दा पक्का आहे, नदालने दोन वर्षं मार खाऊन ते गवत शिकून घेतलं होतं, आणि तरी पाचवा सेट ९-७ पर्यंत गेला. अल्काराझ २०२१ ला दुसऱ्या राउंडला मेदवेदेवकडून सपाटून हरला आणि गेल्या वर्षी चौथ्या राउंडला सिनरकडून. बस, विम्बल्डनचा अनुभव एवढाच.

पॅरिसचं मात्र तुम्ही जसं सांगताय तसं मला पटत नाही. पाय आखडले हे खरं, पण का आखडले? दोन सेट झाले होते, एकेक बरोबरी, तिसऱ्यात १-१. क्रॅम्पला मेडिकल टाइमआउट मिळत नाही म्हणून पोराने आपली सर्व्हिस गेम सोडून दिली आणि मग पुढचे दोन्ही सेट ६-१, ६-१ गेले. नंतर तो स्वतःच म्हणाला की टेन्शन होतं, समोर जोकोविच आहे ह्याचंच टेन्शन. म्हणजे हा स्टॅमिन्याचा प्रश्न नाही. हाच पोरगा गेल्या वर्षी यूएस ओपनला सिनरबरोबर सव्वापाच तास खेळला, मॅच पॉइंट वाचवून, न्यूयॉर्कला पहाटेचे पावणेतीन वाजून गेले होते, आणि नंतर सेमी पाच सेटची खेळून फायनलही जिंकला. तुम्ही म्हणाल की टेन्शन हा त्याहून वाईट आजार. असेल. पण एकदा होऊन गेला की माणसाला त्याची ओळख तरी झालेली असते. पहिल्यांदा स्टेजवर घुमट (आपलं मातीचं वाद्य) घेऊन बसलं की हात गार पडतात, दुसऱ्या वर्षी पण पडतात, पण तेव्हा ते का गार पडलेत हे माहीत असतं आणि तेवढ्यावर माणूस सावरतो. आमच्या घरच्या आरतीला बघितलंय मी हे.

आता माझा खरा मुद्दा, जो काल नीट मांडला नाही. तुम्ही अनुभव अनुभव म्हणता ना, तो असा पोत्यात भरून तराजूवर ठेवता येत नाही, म्हणजे इकडे ३५ वी स्लॅम फायनल आणि तिकडे दुसरी, झालं वजन, असं नसतं. अनुभव दिसतो तो ठराविक जागी दिसतो. जुने चॅम्पियन पोरांना कसे हरवतात बघा. २०२१ ची पॅरिस फायनल, त्सित्सिपास दोन सेट वर होता. जोकोविच नंतरचे तीन घेऊन गेला. २०२२ ची ऑस्ट्रेलिया, मेदवेदेव दोन सेट वर, नदाल पस्तीस वर्षांचा, तिसऱ्या सेटमध्ये जवळजवळ गेलाच होता, तोही पुढचे तीन घेऊन गेला. गेल्या वर्षी विम्बल्डनलाच क्वार्टरमध्ये सिनर दोन सेट वर आणि जोकोविच तिथूनही परत आला. तिन्ही वेळा पोरगं पुढे होतं! म्हणजे पुढे जायला अनुभव लागत नाही, हाताला वेग असला की पुढे जाता येतं. पुढे गेल्यावर समोरचा माणूस टॉवेल घेऊन आत जातो, कपडे बदलून येतो, आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पहिला पॉइंट खेळतो, तेव्हा काय करायचं हे पोराला सुचत नाही. अनुभव तिथे असतो.

दुसरी जागा टायब्रेक, म्हणजे बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम. आणि इथे मी तुमच्या बाजूला येऊन बसते काका. जोकोविचने ह्या वर्षी स्लॅममध्ये सलग १५ टायब्रेक जिंकलेत. पंधरा! चौथ्या राउंडला हुर्काझसारखा तोफखाना समोर असताना पहिले दोन्ही सेट टायब्रेकला गेले आणि दोन्ही ह्याने घेतले. काल सिनरचा शेवटचा पण टायब्रेकच. तो त्या वेळी काही अचाट मारत नाही, उलट काहीच करत नाही, चूक करत नाही, बॉल खोल ठेवतो आणि समोरच्याला घाई करू देतो. विम्बल्डनची २०१९ ची फायनल आठवा, फेडररने त्याच्यापेक्षा १४ पॉइंट जास्त जिंकले होते, पाचव्या सेटला ८-७, ४०-१५ वर दोन चॅम्पियनशिप पॉइंट होते, आणि तरी हरला, कारण तिन्ही टायब्रेक जोकोविचने घेतले. मला अजून ती मॅच नीट बघवत नाही. तेव्हा उद्या टायब्रेक आला तर माझी पैज जोकोविचवर, पाचवा सेट आला तरी जोकोविचवर. काल "पाच सेटमध्ये अल्काराझ" लिहिलं होतं ते खोडते, ती माझी सगळ्यात मोठी चूक, आणि गंमत म्हणजे ती तुम्ही पकडलीच नाही.

मग मी अजूनही अल्काराझ का म्हणते? कारण मॅच त्या जागांपर्यंत जाऊच नये असं खेळणारा सध्या तो एकटाच दिसतोय.

गवताकडे या जरा, ज्याच्यावर आपण दोघंही पाय ठेवलेला नाही. तुमच्या बोर्गच्या वेळचं गवत वेगळं होतं, बॉल घसरायचा, खाली राहायचा, म्हणून सगळे सर्व्हिस मारून नेटकडे धावायचे. २००१ पासून तिथे निव्वळ रायग्रास आहे, जमीन टणक, बॉल बऱ्यापैकी वर येतो. म्हणून तर बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, उभं राहून विम्बल्डन जिंकता येतं. आणि दुसऱ्या रविवारपर्यंत बेसलाइनजवळ गवत उरतच नाही, दोन आठवडे तुडवून तिथे नुसती तपकिरी माती होते. पण पुढे, नेटजवळ, हिरवं असतं. तिथे कोणी फारसं गेलेलंच नसतं. आता विचार करा, अल्काराझचा फोरहँड असा की समोरच्याला दोन पावलं मागे जावंच लागतं, आणि तसाच हात वर उचलून तो बॉल अलगद त्या हिरव्या पट्ट्यात टाकतो, तोच ड्रॉपशॉट. तिथे बॉल उसळत नाही, बसतो. जोकोविच जगातला सगळ्यात चांगला धावणारा, घसरत घसरत पोचेलही, पण प्रत्येक वेळी पोचायला लागलं की तो मागे उभा राहायचा बंद होतो, पुढे सरकतो, आणि पुढे सरकला की तोच फोरहँड अंगावर येतो. हे सेटला पाच-सहा वेळा जरी झालं तरी त्याचं गणित बिघडतं. ड्रॉपशॉट जिंकला की हरला ह्याला मी महत्त्व देत नाही, तो समोरच्याला कुठे उभा करतो ते बघा.

दुसरं म्हणजे शिकण्याचा वेग. जूनमध्ये क्वीन्सला, लंडनच्या गवतावरच्या स्पर्धेत, पहिल्याच मॅचला हा हरता हरता वाचला, रिंडरनेशविरुद्ध तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये. गवतावर चालतच येत नव्हतं धड, पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या उतरतो ना आपण, तसा बिचकत होता. मरे आणि फेडररचे व्हिडिओ बघून पाय कसे टाकायचे शिकतोय असं त्याने तेव्हा सांगितलं होतं, आणि मला वाटलं, बोलायला बरं आहे. त्याच आठवड्याच्या शेवटी स्पर्धा जिंकला. काल मेदवेदेवला, दोन वर्षांपूर्वी ज्याने ह्याला ६-४, ६-१, ६-२ धुतलं होतं त्याच मेदवेदेवला, ६-३, ६-३, ६-३. सलग अकरा मॅचेस जिंकलाय गवतावर. तुम्ही म्हणता अनुभव नाही, मी म्हणते कालचा अनुभव त्याला आज वापरता येतो, बाकीच्यांना दोन वर्षं लागतात.

पहिल्यांदा फायनलला येणाऱ्याचं म्हणाल तर आजचंच बघा की. जाबुर गेल्या वर्षीची फायनल खेळलेली, लोक तिच्या बाजूने, पहिल्या सेटला ४-२ वर. आणि जिंकली कोण, वोंद्रुशोवा, जिला सीडिंगसुद्धा (मानांकन) नव्हतं. बिनसीडची बाई विम्बल्डन जिंकायची ही पहिलीच वेळ. जाबुर रडली तेव्हा मला पण कसंतरी झालं, तिसरी स्लॅम फायनल हरली ती. गेल्या वर्षीचा अनुभव तिच्या हातात ओझं होऊन बसला होता, सरळ दिसत होतं. हां, जोकोविच म्हणजे जाबुर नव्हे, हे तुम्ही लिहिण्याआधी मीच लिहिते.

पुरुषांत हवं असेल तर २००९ चा देल पोत्रो, वय वीस, पहिलीच स्लॅम फायनल, समोर पाच वर्षं यूएस ओपन न हरलेला फेडरर. दोन सेट एक असा मागे होता आणि जिंकला. त्याच न्यूयॉर्कला साम्प्रास २००० ला वीस वर्षांच्या साफिनकडून आणि २००१ ला वीसच वर्षांच्या ह्युइटकडून सरळ सेटमध्ये हरला. ह्या तिघांत एक गोष्ट सारखी आहे, तिघांनीही समोरच्याचा मान राखत बसायचं नाकारलं. बॉल दिसला की मारला. पॅरिसला अल्काराझने पहिला सेट नेमका उलटा खेळला, जोकोविच काय करतोय ते बघत बसला. गेल्या वर्षी माद्रिदला असं बघत बसला नव्हता, तेव्हा तिसऱ्याच्या टायब्रेकला जोकोविचलाच हरवलं होतं त्याने. (हो, टायब्रेकला. माझाच वरचा मुद्दा माझ्यावर उलटतोय, दिसतंय मला. पण ती मॅच तीन सेटची होती आणि मातीच्या कोर्टवर होती, म्हणून मी आपली माझ्या जागेवर.)

तर माझं नवं भाकीत, लेखात पण वर बदलून टाकते, जुनं खोडलेलं दिसेल असं ठेवून. अल्काराझ, चार सेट. पहिल्या चार-पाच गेममध्ये जोकोविचच्या दुसऱ्या सर्व्हिसवर तो किती पुढे उभा राहतो ते बघा, मागे गेला असेल तर समजा की पॅरिसच चालू आहे आणि मग तुमचे तीन सेट खरे होतील, मी गुपचूप पंख्याखाली झोपेन.

तुम्ही तीन सेट म्हटलंय ते आता बदलायचं नाही हां. उद्या संध्याकाळी साडेसहा. आमच्याकडे ह्या पावसात लायटीचा भरवसा नाही, इन्व्हर्टर टीव्हीला जेमतेम दोन तास पुरतो, तेव्हा माझ्याकडे अंधार झाला तर इथेच खाली स्कोअर टाकत राहा. मी हरले तर मासेमारीची बंदी उठल्यावर, म्हणजे ऑगस्टमध्ये, पहिली ताजी इसवण (सुरमई) माझ्याकडून. तुम्ही हरलात तर मला इसवण नको, फक्त ते "ज्ञान पाजळू नका" तेवढं खोडा.