‘अर्धा फेरा, दोन तास, नऊशे रुपये’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार शेठ. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री माझ्या मुलाने वाचून दाखवला. तुमच्या ड्रायव्हरला आमच्या गॅरेजवर ताटकळत बसावं लागलं, बसायला धड जागाही नव्हती, त्याबद्दल माफी मागतो. हाताखालचा पोरगा त्याला उलटून बोलला, तेही चुकलंच. त्याला समज दिली आहे.

पण तुम्ही लिहिलंय, ‘स्लोचा एक स्क्रू अर्धा फेरा फिरवायला यांनी दोन तास लावले आणि नऊशे रुपये घेतले.’ हे मनाला लागलं. नाशिकला आडगाव नाक्यावर एवढी वर्षं गाड्यांखाली झोपून कामं केली, अर्ध्या फेऱ्याचे पैसे कुणाकडून घेतले नाहीत. म्हणून त्या दोन तासांचा हिशोब देतो.

गाडी आली तेव्हा स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, मिनिटाला साडेनऊशे फेऱ्यांवर होती. या इंजिनाला गरम असताना साडेसहाशे पुरे. डिझेल पंपावरच्या स्लोच्या स्क्रूला जागेवर धरणारा लॉकनट हाताने फिरत होता आणि त्यावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. तो आमच्याआधी कुणी सोडला, ते तुमच्या ड्रायव्हरला विचारा. मी त्याला दोष देत नाही. सिग्नलला गाडी बंद पडते, मागून हॉर्न वाजतात, मग माणूस रेस वाढवून वेळ मारून नेतो. पण बंद पडायचं कारण स्क्रूमध्ये नव्हतंच. तुम्ही फोनवर तीनदा म्हणालात, ‘फक्त रेस सेट करा, बाकी काही खोलू नका.’ तसं केलं असतं तर गाडी द्वारकेच्या सर्कलपर्यंतही नीट गेली नसती.

गाडी एअर घेत होती, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत होती, म्हणून बंद पडायची. टाकीकडून येणारी लाइन डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला जिथे लागते, तिथला तांब्याचा वायसर (वॉशर) दबून पातळ झाला होता. ती ओढणारी बाजू, त्यामुळे डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून बघाल तर एक थेंब दिसणार नाही. आम्ही लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा लावला आणि ड्रायव्हरला बोलावून दाखवला. डिझेलबरोबर बुडबुड्यांची माळ चालली होती. त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढलाय, मागून घ्या. वायसर बदलले, दोन्ही डिझेल फिल्टर चिकट काळे झाले होते तेही बदलले, हँडपंप मारून हवा काढली. यात तास गेला.

उरलेला तास इंजिन गरम करण्यात गेला, आणि तुमचा खरा राग यावरच आहे. गाडी रात्रभर मार्केटच्या बाहेर उभी होती. थंड इंजिनात ऑइल घट्ट, इंजिन जड फिरतं. तेव्हा स्लो बसवली तर गरम झाल्यावर वर चढते आणि गिअर टाकताना करकर वाजते. डिझेल इंजिन उभ्या उभ्या लवकर तापतही नाही, म्हणून मी स्वतः ‘दहावा मैल’ या ठिकाणापर्यंत गाडी चालवून आणली. त्याचं डिझेल तुमचं गेलं, मान्य. मग पुलीवर पट्टी चिकटवून मीटरने आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, बघितले, कारण गाडीतला काटा बंदच आहे. स्क्रू फिरवला, लॉकनट आवळला. आवळताना स्क्रू जरा सरकतो, म्हणून पुन्हा मोजलं. मग तीनदा रेस देऊन सोडली, तिन्ही वेळा साडेसहाशेला आली. हा तुमचा अर्धा फेरा.

बिलात फिल्टर आणि वायसरचे साडेपाचशे, मजुरी साडेतीनशे. जुने फिल्टर ड्रायव्हरने नेले नाहीत, अजून इथेच पडलेत.

तुम्ही असंही लिहिलंय, की दुसऱ्या दिवशी पहाटे निफाडला गाडी थरथरली. तिकडची थंडी तुम्हाला सांगायला नको. थंडीत सुरुवातीची काही मिनिटं पायाने हलकी रेस धरायची, हे ड्रायव्हरला सांगायचं माझ्याकडून राहिलं. चूक माझी. पण पुढे गाडी बंद पडली, असं तुम्हीही लिहिलेलं नाही.

इथून पुढे काम काय निघालं ते आधी मालकाला फोनवर सांगू. बाकडं आणि पाण्याचं बघतोच आहे, या महिन्यात जमलं तर. हल्ली बाहेरगावचे ड्रायव्हर आधी मोबाइलवर स्टार बघतात आणि मग गाडी वळवतात. दोन पोरांचा पगार त्यावर आहे. तुमच्या मनाला पटलं तर रिव्ह्यू बदला, आग्रह नाही.

स्लो परत तपासून देतो, पैसे घेणार नाही. सकाळी या, फक्त निफाडहून तशीच चालवत आणा, मध्ये चहाला थांबून इंजिन गार करू नका. दहा मिनिटांत मोकळे व्हाल.