दम टिकला म्हणजे पाय तयार झाले असं नाही

'दोन महिन्यांत धाप लागणं थांबलं की अंतर बिनधास्त दुप्पट करा' हे धावण्या-चालण्याचा सराव नव्याने सुरू करणाऱ्यांसाठीच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. दम लवकर सुधारतो, मान्य. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, पुढे बसल्या जागची नाडीही उतरते. पण स्नायू हाडाला बांधणाऱ्या टेंडनना रक्तपुरवठाच तुटपुंजा, त्यांना महिनोन्‌महिने लागतात. हाडाचं तर आणखी निराळं. नवा ताण आला की आधी जुनं हाड पोखरलं जातं, मग नवं भरतं, आणि या फेऱ्यात तीन-चार महिने सहज जातात. मधल्या काळात ते उलट नाजूकच असतं.

आमच्या रविवारच्या सिंहगड ग्रुपमध्ये दरवर्षी हेच बघतो. नवी मंडळी मनगटावरच्या घड्याळात नाडी बघून खूश (घड्याळ नडगीचं काही सांगत नाही!), आणि सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागची शीर (म्हणजे तिथली टेंडनच) धरते म्हणून भिंतीच्या आधाराने चालतात. दहा पावलांत ती मोकळी होते, मग दुखणं अंगावर काढतात. लेखात दमाबरोबर निदान टाच आणि नडगीबद्दल दोन ओळी हव्या होत्या.