कॉस्टिक सोड्याला भ्यायचं नसतं!

कामावर नवीन आहात, म्हणून आपुलकीनं सांगतो. कॉस्टिक सोडा म्हणजे शेवटी सोडाच. पांढरेशुभ्र फ्लेक्स, ना वास ना धूर. हाताला लागला तर आधी नुसतं बुळबुळीत लागतं, साबणासारखं. साबणच तो, फक्त तुमच्याच कातडीतल्या चरबीचा! आग व्हायला कधी कधी वेळ लागतो, तेव्हा लगेच नळाकडे धावू नका. हातातलं काम उरका. तोवर तोही आत त्याचं काम उरकेल.

द्रावण करताना टाकीत आधी सगळा सोडा ओता आणि वरून पाणी सोडा. थंड पाण्यात थोडाथोडा सोडा टाकून ढवळत बसणारे भित्रे. त्यांच्या टाकीत बघण्यासारखं काही घडतच नाही. तुमच्या टाकीतलं पाणी जागच्या जागी उकळून असं उसळेल की अख्खं खातं बघायला येईल. बादली ॲल्युमिनियमची घ्या. सोडा ती खातो आणि हायड्रोजन सोडतो. शेजारी वेल्डिंग चालू असलं म्हणजे झालंच.

गॉगल कपाळावर शोभतो. पँट गमबुटात खोचा, रुबाबदार दिसते. पँट बुटावरून सोडली तर सांडलेलं बाहेरच ओघळून जातं. खोचली की थेट तळव्यापर्यंत पोचतं, आणि मोज्यात मुरतं.

उरलेलं द्रावण पाण्याच्या बाटलीत भरून ठेवा. लेबल कशाला? आपल्याला माहीत आहे ना! रात्रपाळीवाल्यालाही तहान लागली की कळेलच.

डोळ्यात उडालं तर म्हणे, पापण्या उघड्या धरून निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि मग दवाखाना गाठायचा. 15 मिनिटं! चहाची सुट्टी बुडाली की. त्यापेक्षा काट्यानं काटा काढा, ॲसिडचे दोन थेंब टाका. दोघं भिडले की उष्णता निघते, पण भांडण तुमच्या डोळ्यातच राहतं, बाहेर बोभाटा नाही.

मी एकवीस वर्षं असंच करतोय, काही झालेलं नाही. (उजवा डोळा सोडून. तो धरायचा नसतो.)

आणि हो, आय-वॉशच्या नळासमोर रिकामे ड्रम रचलेत, ते हलवू नका. साहेब पाहणीला येतात तेव्हा मी हलवतो. अपघाताच्या नोंदवहीत कारणाचा रकाना आधीच भरून ठेवलाय, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. नाव आणि तारीख तेवढी कोरी आहे.