साहेब कुठायत?

काल माझ्याच घरात, माझ्याच हातात स्क्रूड्रायव्हर असताना मला विचारण्यात आलं, "वैनी, साहेब कुठायत?"

साहेब सोफ्यावर आडवे होते. कॉम्प्युटर चालू करायचं बटण त्यांना माहीत आहे. बंद करण्याबाबत अजून मतभेद आहेत. पण सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कॅबिनेट उघडं दिसलं, की ते कुणा पुरुषानेच उघडलेलं असतं.

झालं होतं एवढंच, की जुनी हार्डडिस्क टकटकायला लागली म्हणून तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर, म्हणजे नव्या, जास्त वेगवान डिस्कवर उतरवलं, नवी जोडली, जुनी काढून ठेवली, बटण दाबलं. काळा पडदा आणि पांढरी ओळ: नो बूटेबल डिव्हाइस. म्हणजे सुरू व्हायला त्याला डिस्कच सापडेना. दुकानात फोन केला. पलीकडच्या पोराने साधं मॉडेलसुद्धा न विचारता सांगितलं, "फॉरमॅट मारायला लागणार." काहीही झालं की फॉरमॅट. पंखा वाजतोय? फॉरमॅट. वर "बॅकअप घेतला नव्हता का?" हा टोमणा फुकट. अरे बाबा, जुनी डिस्क टेबलावर सुखरूप आहे. गेलंय काहीच नाही, फक्त सुरू होत नाहीये!

अशा वेळी अण्णा आले. समोरच्या फ्लॅटमधले. अख्खा जन्म मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून गेला. दार उघडं दिसलं की ते 'आहे का साखर?' वगैरे निमित्त काढत नाहीत. सरळ स्टूल ओढून बसतात.

"शॉट लागलाय," त्यांनी निकाल दिला.

"नाही अण्णा. दिवे लागतायत, पंखा फिरतोय."

"मग व्हायरस. साहेब, व्हायरस असंल का ओ?"

सोफ्यावरून "असेल," असं उत्तर आलं.

"आणि एवढं उघडून लगेच हात घालू नका," अण्णा मला म्हणाले. "हरिपूरला आमचं पेव उघडताना बघितलंय का कधी?"

नव्हतं बघितलं. मग मला ते सविस्तर दाखवण्यात आलं. जमिनीखाली हळद साठवायची ती पेवं, तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट भलंमोठं. वर्षानुवर्षं किडा लागत नाही. पण उघडल्यावर लगेच उतरायचं नाही. आत वायू कोंडलेला असतो, उतरलेला माणूस वर येत नाही. आधी कंदील सोडायचा. विझला, की थांबायचं. "ह्याचंबी तसंच. तासभर उघडं ठेवा, वाफ जाऊ द्या."

तिथून गाडी २००५ च्या पुरावर गेली, पेवांत कृष्णा कशी शिरली आणि मालाचं कसं वाटोळं झालं त्यावर. खरं सांगायचं तर ते ऐकण्यासारखं होतं. मी स्क्रू दातात धरून ऐकलंही. पण समोर कॉम्प्युटर उघडा पडलेला, संध्याकाळी ट्यूशनच्या पोरांचे पेपर छापायचे, आणि हा गृहस्थ मला एसएसडीत कंदील सोडायला सांगतोय!

मी डिलीट दाबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरले. एसएसडी नावानिशी दिसत होती, म्हणजे केबल ठीक. तरी बूटच्या यादीत ती नाही. मी डोकं खाजवत असताना अण्णांनी पडद्याला बोट टेकवलं (हळदीचा पिवळा डाग अजून आहे).

"ह्यात २००९ साल चाललंय."

"चालू दे, अण्णा."

"चालू दे कसं? तारीख चुकली की अख्खी रोजकीर्द चुकली. घड्याळाचा सेल गेलाय ह्याच्या."

आणि चीड कशाची, तर माणूस बरोबर होता! मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग तोच सांभाळतो. तो मेलेला. डिस्क बदलायला मी भिंतीतला प्लग काढला आणि मदरबोर्ड आपली सगळी सेटिंग विसरून कारखान्यातल्यासारखा यूईएफआयवर, म्हणजे सुरू होण्याच्या नव्या पद्धतीवर गेला. माझं विंडोज डिस्क मांडायच्या जुन्या एमबीआर पद्धतीचं. ती पद्धत १९८३ ची, डॉसच्या जमान्यातली, दोन टीबीच्या पुढची डिस्क तिला पुरती वापरताही येत नाही. यूईएफआय तिच्याकडे ढुंकूनही बघेना. सेल बदलला, जुन्या पद्धतीने सुरू करणारा लेगसी मोड लावला, सेव्ह केलं. आता निळा पडदा: ०एक्ससी००००००ई. म्हणजे बूटची नोंद अजून जुन्या डिस्कचाच पत्ता सांगत होती. लेकीच्या लॅपटॉपवर विंडोजचा पेनड्राइव्ह बनवला, तो लावून शिफ्ट-एफ१० दाबलं, सी ड्राइव्ह तिथे डी झालाय हे डिस्कपार्ट या कमांडने बघून घेतलं आणि बूटची नोंद नव्याने लिहिणारी बीसीडीबूटची एक ओळ टाइप केली.

"टायपिंग बरं येतंय की वैनींना," अण्णा सोफ्याकडे बघून म्हणाले.

या घरातला राउटर, प्रिंटर, वीजबिलाचं ॲप, ह्यांचा विसरलेला पासवर्ड, सगळं मीच बघते. मिस्त्री आला तरी मापं ह्यांना सांगतो, पैसे माझ्याकडून घेतो. याचा राग यावा की नाही, हे ठरवायलाही निवांत वेळ मिळत नाही.

विंडोज उघडलं. अण्णा उठले आणि थेट सोफ्यापाशी जाऊन ह्यांचा हात हातात घेतला. "जमवलंत की ओ साहेब!"

"जमणारच," हे म्हणाले. उठलेसुद्धा नाहीत.

आज सकाळी दार उघडलं तर पायपुसण्यावर अण्णांच्या नातवाचा सीपीयू, वायरींसकट. साहेबांनी म्हणे काल रात्री जिन्यात सांगितलं होतं, "आणून ठेवा, रविवारी बघतो."